कांद्याच्या रंगाचं हाड

मर्गिलान शहरातल्या छोट्या संग्रहालयात सनोबरआपा सव्वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसत आली होती. चित्राला कुणी हात लावू नये म्हणून मोजे विणत पहारा द्यायचा, एवढंच काम. चित्र भिंतभर. बाजाराच्या गर्दीत रिंगण आखून मेंढीच्या घोट्याच्या हाडांचा डाव मांडलेली पोरं, मधोमध हात उंचावून नाचणारा एक मुलगा आणि कडेला डोळे भरून आलेली मुलगी. ती मुलगी आपणच, हे आपाने कुणाला सांगितलं नव्हतं. पहारेकरणीला विचारतंय कोण!

पण त्या दिवशी लोकांना चित्रं समजावून सांगणारा तरुण सरदोर नवी पाटी घेऊन आला : ‘बाजारातलं बालपण : हरलेल्या मुलीचे अश्रू.’

आपाच्या सुया थांबल्या. "ही लावायची नाही."

"अहो आपा, छापून आलीये!"

"छापली म्हणून खरी झाली? हरले नव्हते मी."

"मी? म्हणजे तुम्ही?"

दारात कुणीतरी खो खो हसलं. तोख्तासिनअका, बाजारातला रोटीवाला. रोज दुपारी आपाची गरम रोटी दारातूनच द्यायचा. पिठाचे हात, म्हणून आत कधी यायचा नाही. "पोरा, तो नाचणारा मी बरं का! साठ वर्षं झाली, तरी हिला हार पचत नाही."

"अका, आज हात पूस आणि आत ये. चष्मा लाव."

आपाने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चित्रापुढची दोरी ओलांडली. "सरदोरजान, रिंगणातलं ते हाड कसं पडलंय?"

"उभं."

"उभं पडलं की डाव त्याचा, ज्याचं ते हाड. आता रंग सांग."

"पिवळं. बाकी सगळी पांढरी आहेत."

"आणि या पोरीच्या पायाशी काय आहे?"

सरदोरचा आवाज एकदम भारदस्त झाला. "गळलेली पानं. सरत्या बालपणाचं प्रतीक..."

"डोंबलाचं प्रतीक! कांद्याची सालं आहेत ती. माझी आई कांदे विकायची, आणि समसावाल्यांच्या सारणासाठी टोपलीभर मी चिरून द्यायची. डोळ्यांतून पाणी नाही तर काय गुलाबजल येणार? ती सालं उकळून मी माझी हाडं रंगवायची. सगळ्या बाजारात पिवळी हाडं एकटीची."

तोख्तासिनअका चित्राच्या इतका जवळ गेला की आपाने सवयीने त्याला कोपराने मागे ढकललं. मग तो कान खाजवत म्हणाला, "धूळ फार उडाली होती गं. वाटलं, हाड कुणाचं ते कुणाला कळतंय! या चित्रकाराला मेल्याला बरं दिसलं."

"पैज काय होती?"

"हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला पाठीवर घेऊन बाजाराला फेरी मारायची." त्याने स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग आपाच्या ऐसपैस देहाकडे. "सनोबर, देवाची शपथ, मी मरेन."

"मग खुर्ची घे पाठीवर. सव्वीस वर्षं मीच बसलेय तिच्यावर. माझ्याच जागी समज."

सरदोरने पाटी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने लिहायला घेतलं. "काय लिहू, आपा?"

"जिंकलेली मुलगी. कांदे चिरून आलेली."

अका खुर्ची पाठीवर घेऊन दालनाला फेरी घालत होता. शाळेच्या सहलीची पोरं टाळ्या पिटत त्याच्या मागे धावत सुटली.

"कोपरा चुकवू नकोस," रोटीचा तुकडा मोडत आपा ओरडली, "फेरी पुरी झाली पाहिजे!"