एक लाख मोहरा आणि तीन नंबरचं मशीन

दांडिया बाजारातल्या हर्षदभाईंच्या सायबर कॅफेत नंदू, शिरीष आणि मी असे आम्ही तिघं इतके महिने बसलो, की किस्से आपोआप साठले. मोहरा मात्र कधीच साठल्या नाहीत.

खेळ साधा होता. गुहेत शिरा, सांगाडे मारा, त्यांच्या तलवारी गावातल्या लोहाराला विका. गुहेबाहेर पडा, परत आत या, सांगाडे पुन्हा उभे! एक फेरी सहा मिनिटांची. नंदूला एक लाखाचं चिलखत हवं होतं, कारण त्याशिवाय शेवटचा राक्षस मरत नव्हता.

आमचा शिरीष बँकेत कारकून. साठवलेल्या पैशाला हात लावायचा नाही, हे त्याच्या घरातलं वळण. एकदा तो गुहेत मेला. पिशवी पाहिली, तर बावीस औषधाच्या बाटल्या शिल्लक.

"प्यायला का नाहीस?"

"पुढे लागल्या असत्या."

हर्षदभाई एकदा मागे उभे राहून बघत होते. लोहार किमतीच्या चौथ्या हिश्श्यात माल घेतो म्हटल्यावर ते अस्वस्थ झाले.

"बाजूच्या दुकानात विचारा ने."

"भाई, अख्ख्या गावात हा एकच लोहार आहे."

ते गल्ल्याकडे गेले, पण चैन पडेना, तसे परत आले. "एकच? मग मारामारी कशाला करता? तिकडे दुसरं दुकान नाखा!"

माझाही एक पराक्रम आहे. टेबलाखाली पाय ताणले आणि अंगठा बोर्डाच्या बटणावर पडला; नंदूचं मशीन बंद. नंदूनं बरेच दिवस दर फेरीला सेव्ह करायचं हे पाळलं होतं, नेमकं त्या दिवशी घाईत पाळलं नव्हतं. चाळीस मिनिटं पाण्यात. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "तुझा पाय विकला तर लोहार किती देईल?"

नंदूला इतकी घाई का, ते सांगतो. त्यानं तबला सोडला, टायपिंग सोडलं, इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. त्याचे वडील, आबा, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. ते रोज त्याला न्यायला यायचे, खुर्चीमागे उभे राहायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "एक गोष्ट पूर्ण करून दाखव." त्यात हर्षदभाईंनी सांगितलं, रविवारी आठला कॅफे बंद, मशीनं विकली, आता मोबाईलचं दुकान. नंदूचा खेळ तीन नंबरच्या मशीनमध्येच होता. तो आठवडाभर खुर्चीत नीट टेकलासुद्धा नाही. मला त्याची भीती वाटायला लागली होती.

रविवारी चिलखत मिळालं. राक्षसाच्या वाटेवर ते अर्धं झिजलं, म्हणून नंदू दुरुस्तीला लोहाराकडे परतला. पाच वाजले होते. आबा आले होते, म्हणून तो चहा सांगायला बाहेर गेला.

परत आला तेव्हा आबा त्याच्या खुर्चीत होते. पडद्यावरच्या योद्ध्याच्या अंगावर चिलखत नव्हतं.

"झिजलं होतं," आबा म्हणाले. "झिजलेला माल आम्ही लाइनवर पाठवत नसू. कंडम केलं, लोहाराला विकून टाकलं. आता नवं इश्यू करून घे. आणि सेव्ह केलंय, तू विसरतोस."

लोहारानं पंचवीस हजार दिले होते. नवं तर लाखालाच! शिरीषनं डोळे मिटून घेतले. मी पाय आवरून बसलो.

नंदूनं घड्याळाकडे बघितलं. तीन तास, तीस फेऱ्या. "उठा आबा. मागे बसा आणि वेळ सांगा."

आबांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. "पाच मिनिटं चाळीस," ते म्हणायचे. "मागची यापेक्षा बरी होती. कुठे थांबलास?" चहा निवून गेला, तरी कुणी हात लावला नाही.

आठ वाजले तेव्हा चिलखत नंदूच्या अंगावर होतं आणि समोर राक्षस होता. हर्षदभाईंनी अर्धं शटर ओढलं आणि मेन स्विचवर हात ठेवला.

आबांनी मान वर न करता सांगितलं, "थांबा भाई, शिफ्ट पूरी नथी थई."