दुपारी दोनची इस्तरी

माझी इस्तरी हजार वॅटची आहे. तिच्या पाठीवर तसं लिहिलंय: १००० वॅट, २३० व्होल्ट. अख्ख्या गल्लीचे कपडे मी समोरच्या खोलीत हिच्यावर करते, आणि या मे महिन्यात जो उठला त्याने मला इस्तरी शिकवली.

दुपारी ती तापतच नव्हती. मास्तरीणबाई माझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. त्या सुती साडी घेऊन परत आल्या आणि दारातच पदर उलगडला. "इस्तरी केली का वं, का नुसता हात फिरवला? पुन्हा असं झालं तर कोपऱ्यावरच्या दुकानात देईन." मी मान खाली घातली. त्यांच्या साड्या गेल्या की मागोमाग शाळेतल्या बाकीच्या बायांच्याही जाणार.

नवरा जेवता जेवता म्हणाला, "तूच पाणी जास्त मारून राहिली."

दीर स्वतःला वायरमन समजतात. त्यांनी इस्तरी उघडली. "वहिनी, कॉइल गेली हिची." नवी टाकली. दुसऱ्या दुपारी तेच रडगाणं. पुन्हा उघडली, पुन्हा कॉइल. सकाळी इस्तरी चांगली तापते, हे सांगायला मी तोंड उघडलं की म्हणायचे, "तुम्हाले काय समजते त्यातलं?"

आमच्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजचा काटा आहे. एका दुपारी, गल्लीभर कूलर घरघरत असताना, तो एकशेसाठवर दिसला. दहावीतल्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट. मी चौथीपर्यंतच शिकले, पण भागाकार पक्का आहे. दशांशाचं टिंब तेवढं पोरीने लावून दिलं. हजार भागिले दोनशेतीस: ४.३५ अँपिअर. मग एकशेसाठ गुणिले ४.३५, म्हणजे सहाशे शहाण्णव वॅट. एवढ्यात साडी निघायला हवी की! म्हणजे हात माझाच वाईट.

"आई, करंट तोच काहून धरला तू?" पोरगी हसली. "व्होल्टेज उतरलं की करंटही उतरते. कॉइलचा रोध तेवढा तोच राहते."

मग आधी रोध काढला. दोनशेतीस भागिले ४.३५, त्रेपन्न ओहम. आता एकशेसाठ भागिले त्रेपन्न, जेमतेम तीन अँपिअर. एकशेसाठ त्रिक चारशेऐंशी. हजाराची इस्तरी दुपारी अर्धीसुद्धा उरत नव्हती! आणि दोन धडधाकट कॉइली भंगारात गेल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंच्या साड्या पहाटे पाचला केल्या. काटा दोनशेतीसजवळ होता. बाईंनी साडीच्या घडीवर बोट फिरवलं आणि त्या आणखी चार साड्या ठेवून गेल्या. दीर खाटेवरून ओरडले, "पाहा, कशी चालून राहिली माझी कॉइल!" नवऱ्यानेही मान डोलावली. हिशोबाचा कागद माझ्या पदराच्या गाठीत होता. काढवला नाही.

दुपारी दोनला दीर लग्नाला घालायचा शर्ट घेऊन आले. "वहिनी, जरा कडक करून द्या."

मी काट्याकडे पाहिलं आणि इस्तरी त्यांच्या हातात दिली. "भाऊजी, कॉइल तुमची आहे. तुम्हीच करा."

मी भांडी घासायला गेले. बऱ्याच वेळाने दीर घामाघूम होऊन मोरीपाशी आले. "वहिनी, तापून नाही राहिली ही."

मी हात पुसले आणि पदराची गाठ सोडली.