भुरीच्या कानांवर लावलेला क्लच

माझ्या आत्याएवढं भरभर चालणारं माणूस उभ्या हिंगोली जिल्ह्यात झालं नाही आणि आता होणारही नाही. ती बाळापूरच्या बाजाराला निघाली की आम्ही भाचरं धापा टाकत मागं पळायचो आणि ती पुढून ओरडायची, "पाय हायत का मुसळं?" एकदा रस्त्यात एसटी थांबली. कंडक्टरनं बोलावलं, तर आत्या म्हणाली, "न्हाई बाबा, मला घाई हाय," आणि चालू लागली.

मग कुणाची दृष्ट लागली कोण जाणे, दोन्ही गुडघे एकदमच रुसले. शेळ्यांमागं रानात हिंडणं बंद झालं. शेळ्या म्हणजे आत्याचा जीव. पोरगा दिगंबर म्हणाला, "माय, आता विकून टाकू. येत्या जवळ्याच्या बाजारी नेतो." आत्यानं जेवायचं ताट सारलं आणि गोठ्यात जाऊन बसली. तिथं कोपऱ्यात नातवाची चार चाकांची गाडी पडून होती. फुगीर टायरांची, रानातल्या ढेकळांतून जाणारी, पेट्रोलवरची, लेकरांसाठीची. नातू मोठा होऊन मोटारसायकल मागायला लागला होता. आत्या अंगानं अगदी काडी. काष्टा आवळला आणि बसली की वर!

पहिल्याच दिवशी गाडीनं अशी उडी मारली की सगळ्या शेळ्या उधळून शेजाऱ्याच्या सोयाबीनात. दिगंबर भडकला. "अजून एकदा उधळल्या तर मी कोणाचं ऐकणार न्हाई!" दुसऱ्या एखाद्या म्हातारीनं देवाला नवस बोलला असता. आत्यानं पाना मागितला.

त्या गाडीला क्लचचा दांडा नसतोच. इंजिन जोरात फिरलं की क्लचमधले शू, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्यांसारखे तुकडे, पसरतात, भोवतालच्या डब्याला धरतात आणि गाडी निघते. शूंना आवरून धरतात त्या स्प्रिंगा. त्या फार कडक होत्या, म्हणून शू उशिरा धरायचे आणि एकदम धरायचे. आत्यानं नरम स्प्रिंगा आणवल्या, तर इंजिन हळू असतानाच शू धरायला लागले, गाडी उभीच राहीना. आत्या गोठ्याचं दार लावायला उतरली आणि गाडी आपली आपण निघाली कडब्याच्या गंजीकडं. "काहून निघालीस गं?" आत्या मागून लंगडत ओरडत होती, "मी बसले तरी का?"

मग तिनं तो क्लच किती वेळा खोलला याला गणती नाही. अंगणात परातीत स्प्रिंगा मांडायची आणि तांदूळ निवडावेत तशा निवडायची. एखादी ताणलेली निघाली की बाजूला. डबा पॉलिश पेपरनं घासायची, धूळ पुसायची. मी उत्साहानं तेलाची बाटली पुढं केली, तर माझा हात झटकला. "त्याला धरायचं हाय का घसरायचं हाय, लेका?"

गाडी बराबर लागली की नाही हे ठरवायची भुरी, कळपातली थोरली शेळी. आत्या तिच्या अगदी जवळ गाडी सुरू करून पुढं काढायची. भुरीनं कान टवकारले की संपलं. "हिला धक्का लागून राहिला," म्हणून पुन्हा पाना. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दिगंबरनं शेळ्या सकाळी न्यायला म्हणून दाव्याला बांधून ठेवल्या होत्या. आत्या गाडीवर बसली. गाडी दह्यावर साय सरकावी तशी सरकली. भुरी रवंथ करत राहिली, तिनं मानसुद्धा वर केली नाही. आत्याच्या डोळ्यांना धार लागली. "दिगू, बघ रे! तिला कळलंबी न्हाई." दिगंबरनं एकेक करून दावी सोडली.

परवा मी आत्यासोबत रानात गेलो. शेळ्या पुढं, मागं शेळीच्या चालीनं गाडी, गाडीशेजारी मी. आत्या माझ्या पोरांची चौकशी करत होती. जन्मात पहिल्यांदा मी तिच्या बरोबरीनं चाललो होतो, धाप न लागता, आणि मला फार वाईट वाटलं. मला आत्या पुढंच हवी होती, मागं वळून शिव्या देणारी.

"आत्या, जरा जोरात घे की," मी म्हणालो.

"काहून? तुला घाई हाय का?"

"नाही."

"मग चाल की," आत्या म्हणाली. "मलाबी न्हाई."