खुर्चीची पूजा

चाकणच्या कंपनीत माझं मनगट मोडलं आणि मला लाइट ड्युटी मिळाली, म्हणजे गेटजवळच्या खुर्चीत दिवसभर बसायचं. हाताचे व्यायाम घेणाऱ्या थेरपिस्टबाईंनी ‘यांना झेपेल ते काम द्या’ असं लिहून दिलं होतं. सुपरवायझर म्हणाले, “आराम कर की राव, नशीबवान आहेस!”

कसलं डोंबलाचं नशीब! बसून बसून मला गंज चढत होता.

खंडेनवमीला सगळ्यांनी आपापल्या मशीनला हार घातले. मीही माझ्या खुर्चीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि डाव्या हाताने नारळ फोडला. सगळी शिफ्ट हसली, सुपरवायझर सोडून.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर त्यांनी मला माल तपासायच्या टेबलावर बसवलं.

संध्याकाळी बायकोने विचारलं, “हात दुखतोय का?”

“थोडा दुखतोय,” मी ऐटीत म्हणालो आणि कितीतरी दिवसांनी आणखी एक भाकरी मागितली.