हात सोडा!

सन १९५९, डिसेंबर महिना. थंडी चांगलीच पडली होती आणि अकोटच्या जिनांत कापसाचा हंगाम ऐन भरात होता. त्या वेळी मी अकोल्याच्या एका दवाखान्यात स्त्री-रुग्णांच्या तपासणीस सोबत म्हणून असे आणि सर्वच रुग्णांचे कागद लिहून घेई. आमचे तरुण डॉक्टर पुण्याहून नुकतेच आलेले. खांद्याच्या दुखण्यात त्यांना विशेष रस. खांदा दाखवायला आलेला माणूस खांद्याखेरीज सर्व काही सांगतो. किस्से साचतात ते असे.

*

हात बाजूने वर नेताना कोठे दुखू लागते आणि कोठे थांबते, यावरून डॉक्टर पुष्कळ काही ताडत. एका शेतकऱ्यास त्यांनी विचारले, “कुठून कुठपर्यंत दुखतं?”

“अंजनगावपासून अकोल्यापरेंत, साहेब! लय धक्के बसले एस.टी.त!”

*

दुसरी तपासणी जोराची. डॉक्टर वर केलेला हात खाली दाबत. रुग्णाने तो दाबू द्यायचा नाही. नांदगाव खंडेश्वरच्या एका आजोबांचा हात बोट लागताच खाली गेला.

“जोर लावा, आजोबा!”

“तुमी आमाले बरं करून राहिले, आन् तुमच्यासंगच जोर लावू? आमच्या घरची रीत नाई थे!”

निदानाच्या जागी डॉक्टरांनी मला प्रश्नचिन्ह काढावयास सांगितले.

*

एका प्रौढ बाईंना त्यांनी विचारले, “मागे हात नेऊन वेणी घालता येते?”

“नाई येत.”

“कधीपासून?”

“पयले माय घालून दे. आता सून घालते.”

*

अकोटच्या यशोदाबाई जिनात कापसाच्या टोपल्या उचलत. टोपली सावरताना खांद्यास हिसका बसला. डॉक्टरांनी त्यांचा हात स्वतः धरून वर नेला आणि म्हणाले, “आता सोडा.” हात धपकन मांडीवर पडला. पुन्हा केले, पुन्हा पडला.

“हात पेलत नाही, म्हणजे आतला स्नायू तुटलेला दिसतो,” डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. “टोपली उचलणं आता बंद.”

“बंद? मुकादम उद्याच दुसरी बाई लावून घेईन! मंग मी खाऊ काय?”

डॉक्टरांनी त्यांना विश्रांती घेऊन परत यावयास सांगितले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्या आल्या. डॉक्टरांनी हात वर नेला. “सोडा.” धप्प!

“अहो बाई, हात असा टाकता कशाला?”

“आता घ्या! तुमीच सोडा म्हनता. धरून ठेवाचा होता तं तसं सांगा ना!”

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. मग त्यांनी हात पुन्हा वर नेला आणि शब्द जपून वापरले: “आता हा हात टाकायचा नाही. तुम्हीच हळूहळू खाली आणा. हं... अर्ध्यावर थांबवा.”

हात अर्ध्यावर थांबला.

“तुटलेला नाही!” डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. “नुसती सूज आहे. थोडे दिवस शेक घ्या आणि खुशाल कामावर जा. मुकादमाला मी चिठ्ठी देतो.” त्यांनी कागद मागितला, मी दिला. दौत कोरडी निघाली; मी दुसरी आणली. चिठ्ठी लिहून झाली, सही झाली, घडी घातली गेली.

मागून यशोदाबाईंचा आवाज आला, “डाक्टरसाहेब, आता सोडू काय?”