जाऊबाईंची वाटी

भांडण ऐन रंगात आलं की जाऊबाई हात वर करून म्हणायच्या, "थांब हं सुमन, जरा बघून येते." आणि जायच्या कुठंच नाहीत. हातात लाटणं असेल तर लाटण्यासकट तिथंच डोळे अर्धवट मिटून उभ्या राहायच्या. दूध उतू गेलं की काय हे बघायला बाई स्वयंपाकघरात डोकावते ना, तशा त्या स्वतःच्या आत डोकावून यायच्या. मग डोळे उघडून सांगायच्या, "हां, राग आलाय खरा. बराच आहे. बरं, तू काय म्हणत होतीस?" आता अशा बाईशी भांडायचं कसं, तुम्हीच सांगा. घासूनपुसून तयार ठेवलेले माझे पुढचे चार शब्द मला तसेच गिळावे लागत आणि अंगाचा नुसता तिळपापड होई.

जाऊबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात त्यांचं नाव निघालं की माणसं हात जोडतात. मीही जोडते. पण मी त्यांना सहा-सात वर्षं पाण्यात पाहिलं, हे त्यांतल्या कुणालाच माहीत नाही. या वयात आता काय झाकून ठेवायचंय, म्हणून लिहायला बसले आहे.

मी सांगलीची. मॅट्रिकला संस्कृतात शाळेत पहिली आले होते. साताऱ्याच्या मंडळींनी मला बघितलं तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, मला श्लोक म्हणायला लावले, अर्थ विचारला, आणि त्यांचा चेहरा खुलला. ते हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते आणि घरी वेदान्त शिकवतात, असं वडिलांनी ऐकलं होतं. खरं सांगते, मी नवरा नीट पाहिलाच नाही. मी सासरे पाहिले आणि होकार दिला. सासरी रोज दुपारी त्यांच्यापुढं बसायचं, आत्मा म्हणजे काय, ब्रह्म म्हणजे काय, सगळं त्यांच्या तोंडून ऐकायचं, असे बेत करून मी माप ओलांडलं.

आले तर ती जागा आधीच भरलेली. दुपारी तीन वाजले की माझी थोरली जाऊ, आटपाडीच्या किराणा दुकानदाराची चौथी पास मुलगी, हात पुसत मामंजींच्या खोलीत जाई आणि पाटावर बसे. दोन्ही मुलगे त्या वाटेला कधी गेले नाहीत. एक पाटबंधाऱ्यात, एक बँकेत, आणि दोघांनाही वेदान्तापेक्षा वर्तमानपत्र प्यारं. शिकणारी एकटी ही. संस्कृत शब्द तिच्या तोंडात धड बसायचे नाहीत. काही समजलं, की एरवी नीट बोलणारी बाई एकदम माहेरच्या बोलीत जाई. "मामंजी, हे लय सोपं हाय की," असं म्हणताना मी स्वतः ऐकलंय. आणि मामंजी त्यावर हसायचे. माझ्या एकाही शुद्ध उच्चारावर ते तसे हसले नाहीत.

लग्नानंतर दोन महिन्यांनी मी धीर करून विचारलं, "मामंजी, मीही बसू का?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "सूनबाई, तुला येतं. ज्याला येतं त्याला शिकवायला फार वेळ लागतो. तेवढा माझ्याकडं उरलेला नाही." मी वरवर हसले. स्वयंपाकघरात जाऊन फडताळातली घासलेली भांडी पुन्हा घासली.

मग मी दाराआड बसून ऐकायला लागले. मांडीवर सूप असायचं आणि तेच तांदूळ मी तीन-तीनदा पाखडायची. आत मामंजी सांगत असत, देह दिसतो म्हणून तो तू नव्हेस, मनातला राग दिसतो म्हणून तोही तू नव्हेस, ज्याला हे सगळं दिसतं तिकडं वळ. दुसरं कुणी नाहीच, सगळं एकच आहे, हेही ते सांगत. आणि दाराबाहेर मी त्या एकातल्याच एका बाईवर जळत बसलेली असे. नवरा म्हणायचा, "ती तिथं पाटावर बसते तर तुझ्या पोटात का दुखतं? घरात पाट कमी आहेत का?" त्याला काय सांगणार, कपाळ?

त्या खोलीच्या कोनाड्यात एक पितळी वाटी होती. तीच मामंजींची शिकवण्याची रीत. जाऊबाईंच्या मनात 'मी' उठला, म्हणजे मी केलं, मला बोलले, माझं घेतलं असं काही उठलं, की त्यांनी वाटीत एक चिंचोका टाकायचा. राग दाबायचा नाही, रडायचं नाही, नुसतं बघायचं आणि चिंचोका टाकायचा. एकादशीला मामंजी वाटीत डोकावत आणि ती रिकामी करत. पहिल्या वर्षी वाटी भरून चिंचोके खाली सांडायचे म्हणे. मामंजींनी सांगून ठेवलं होतं, "वाटीचा तळ दिसायला लागला की शेवटचं सांगीन. ते ऐकायला मन स्वच्छ लागतं, नाहीतर नुसतं वाक्य पाठ होतं." हे शेवटचं म्हणजे गुरूनं शिष्याच्या कानात सांगायचा उपदेश. जाऊबाई त्याची आठ वर्षं वाट बघत होत्या. दुसऱ्या कशाची त्यांनी कधी वाट बघितलेली मला आठवत नाही. नव्या लुगड्याचीही नाही.

आमच्या साताऱ्याकडं तो मोठा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. उन्हाळ्यात एकदा जेवताना मामंजी म्हणाले, "यंदा आषाढी पौर्णिमेला थोरलीला शेवटचं सांगतो." जाऊबाई वाढत होत्या. त्यांचा हात थांबला, डोळे भरले, आणि त्या तशाच आमटीचं भांडं धरून उभ्या राहिल्या. "व्हय मामंजी," एवढंच म्हणाल्या. मॅट्रिकला पहिली आलेली मी इथं पोळ्या लाटत बसणार, आणि चौथी पास जाऊ ब्रह्म जाणणार.

दिवस वर्षाची चिंच फोडायचे होते. ओसरीवर टोपलीभर चिंचोके पडलेले. दुसऱ्या दिवशी मामंजी फिरायला गेले आणि जाऊबाई नळावर होत्या, तेव्हा मी पाच-सहा चिंचोके वाटीत टाकले. दाराकडं बघत, एकेक करून, आवाज होऊ न देता. चार दिवसांनी पुन्हा टाकले. मग दाराकडं बघणंही सुटलं आणि मी येता-जाता टाकू लागले. एकदा तर गाणं गुणगुणत टाकले.

एकादशीला मामंजींनी वाटी पाहिली आणि हाक मारली. वाटी निम्म्याहून जास्त भरलेली. "हे तुझे?" त्यांनी विचारलं. जाऊबाई वाटीकडं बघतच राहिल्या. मी दारात उभी होते. मामंजींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि विचारलं, "घरात वाटीला कुणी हात लावतं का?" मी काही बोलायच्या आत जाऊबाईच म्हणाल्या, "छे, कोण लावील मामंजी? माझेच असणार. सवयीनं हात टाकत असेल नि मला कळत नसेल."

मामंजींनी वाटीतले चिंचोके ओंजळीत ओतून घेतले. "नकळत उठतो तो 'मी' फार चिवट," ते म्हणाले. "मग थांबू या. पुढच्या आषाढात बघू."

त्यावर मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. एकदा जमलं की चटक लागते. दिवाळीपर्यंत प्रत्येक एकादशीला वाटी भरलेली निघे, आणि जाऊबाई दर वेळी थोड्या आणखी खाली मान घालून ती दाखवायला येत. मी मनात म्हणे, आता कळलं असेल कशी असते उपेक्षा.

दिवाळीनंतर मामंजींना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सात महिने ते अंथरुणावर होते. जाऊबाई त्यांचं सगळं करत. पेज भरवताना ते जाऊबाईंच्या तोंडाकडं बघत आणि ओठ हलवत. घशातून नुसता आवाज यायचा. घाम फुटेपर्यंत ते खटपट करायचे आणि जाऊबाई त्यांचं तोंड पुसत म्हणायच्या, "राहू द्या मामंजी, घाई कशाला." मी पेजेचं भांडं धरून बाजूला उभी असे. मला कळत होतं ते काय सांगायचा प्रयत्न करताहेत ते. जाऊबाईंनाही कळत होतं. मामंजी आषाढ लागायच्या आत गेले.

पुढं थोरल्या दिरांची बदली झाली, तीही नेमकी सांगलीला, माझ्या माहेरगावी. मी इथं साताऱ्यात आणि जाऊबाई माझ्या आईच्या घरापासून दहा मिनिटांवर. याचाही मला हेवा वाटला, म्हणजे बघा. भूकंपानंतर दुसऱ्या वर्षी मी बाळंतपणाला सांगलीला गेले आणि एका दुपारी त्यांच्याकडं निघाले. लांबूनच मोठमोठ्यानं आवाज ऐकू आला. जाऊबाई शेजारणीशी भांडत होत्या. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडण. शेजारीण बोलली, त्या बोलल्या, ती चढली, त्याही चढल्या. मी फाटकाशी थांबून वाट बघत होते, की आता हात वर होईल, आता त्या थांबतील. थांबल्या नाहीत. तुझं-माझं करत शेवटपर्यंत भांडल्या आणि तणतणत घरात गेल्या.

मला हवं होतं ते झालं होतं. त्या माझ्यासारख्या झाल्या होत्या. पण ते मला बघवेना. आत जाऊन बसले, पाणीही प्यायले नाही, आणि सगळं सांगून टाकलं. चिंच, टोपली, नळ, सगळं.

जाऊबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. मी गप्प झाल्यावर म्हणाल्या, "लय वाईट केलंस सुमन." मग हळूहळू बोलायला लागल्या. "मला वाटायचं, माझ्या हाताला कळतंय नि मला कळत न्हाई. एवढा 'मी' माझ्यात कुठं दडून बसलाय? धुंडाळून धुंडाळून दमले. मामंजी गेल्यावर तर भ्यालेच बघ. आत बघायचंच सोडून दिलं. म्हटलं, आपल्यासारखीचं हे काम न्हवं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "तू जा आता," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर बसू नको."

मी उठून आले. तीन दिवस मला आई काय विचारते ते समजत नव्हतं. चौथ्या दिवशी भर उन्हात जाऊबाई आमच्या दारात. आई म्हणाली बसा, तर बसल्या नाहीत. मला अंगणात बोलावून म्हणाल्या, "तीन दिवस तुझ्यावर जळत होते. तुझ्याकडं दिवस होते मामंजी जिवंत असतानाचे, सांगायचे. एक शब्द बोलली असतीस तर. असं जळून जळून मला कळलं, तू माझ्यावर किती वर्षं जळलीस ते. कसं सोसलंस गं?" मग म्हणाल्या, "उद्यापासून तीनला येत जा. मामंजींनी मला जे सांगितलं ते मी तुला सांगते. तुला हवं होतं ना?"

मी गेले. दिवस भरत आलेले, जमिनीवर बसवेना, म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसल्या. रोज तासभर सांगायच्या. संस्कृत शब्द अजूनही वाकडेच, आणि मी एकही सुधारला नाही. त्या म्हणायच्या, "खिडकीतनं ऊन आलं की सगळी भांडी चमकतात. प्रत्येक भांडं म्हणतं, मीच चमकतोय. ऊन सरकलं की कळतं." मी इतकी वर्षं दाराआडून हेच ऐकलं होतं, पण तेव्हा माझं अर्धं लक्ष पाटावर कोण बसलंय यातच असायचं. आता ऐकू येत होतं. एखाद्या दिवशी तर मला वाटे, कळलं. जाऊबाई माझ्याकडं बघून मान हलवत आणि पुढं सांगत. त्यांचं स्वतःचं बोलणंही दिवसागणिक निवत चाललं होतं. शेजारीण वाटी घेऊन साखर मागायला येऊ लागली होती.

असे वीस-बावीस दिवस झाले. एका दुपारी त्या सांगता सांगता एका जागी आल्या आणि थांबल्या. मी पुढची वाट बघत होते.

"इथपर्यंतच," त्या म्हणाल्या. "ह्याच्या पुढचं मामंजी पौर्णिमेला सांगणार होते. ते माझ्याकडं नाही."

मी पदरात तोंड लपवलं. त्या उठल्या, आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, रडं नव्हतं, मला माफ केल्याचा मोठेपणाही नव्हता. डब्यातली डाळ संपली म्हणून सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं होतं. आणि काय सांगू, त्यांचं एवढं नुकसान करून, त्यांच्याच हातचं पाणी पिता पिता, मला त्यांच्या त्या सरळ आवाजाचा हेवा वाटला.