बटाटे आणायला गेलेली व्हर्ना

आमच्या अलाबामातल्या कॉलेजच्या गावात मी न्हावी; बातमी आधी माझ्या खुर्चीत बसते, मग पेपरात जाते. व्हर्ना टॉलिव्हरची पेपरात आलीच नाही, बड्यांनी येऊ दिली नाही. म्हणून मी सांगतो.

टेकडीवरच्या पांढऱ्या खांबांच्या घरात व्हर्ना एकोणीस वर्षं स्वयंपाक करायची. ते कॉलेजातल्या पोरांच्या एका मंडळाचं घर: दारावर मंडळाच्या नावाची तीन ग्रीक अक्षरं, आत एकमेकांना ‘बंधू’ म्हणणारी चाळीस श्रीमंत पोरं. घरात शिरू पाहणाऱ्या नव्यांना हे बंधू दर वर्षी सहा आठवडे छळतात. कच्चे कांदे ओकेपर्यंत खायला घालायचे, ओकारी पुसून घ्यायची आणि त्याच फडक्याने तोंड पुसायला लावायचं. रविवारी हेच बंधू चर्चमध्ये पहिल्या बाकावर! गावाला सगळं ठाऊक. मीही बंधूंनी धरून आणलेल्या नव्यांची डोकी भादरत दात काढायचो. व्हर्ना म्हणायची, “पोरांचे खेळ,” आणि कांदे मोजून द्यायची.

त्या शुक्रवारी दुपारी ती तळघरात बटाटे आणायला उतरली. एमेट नावाचं शिडशिडीत पोरगं सकाळपासून तिथे उभं होतं, घराच्या संस्थापकांची नावं म्हणत. एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि सगळी बिनचूक येईपर्यंत अन्न नाही. अंगावरून घाम निथळत होता, जीभ लोळत होती. बंधू खिदळत होते.

“नाटकी आहे हो, मिस व्हर्ना,” टकर म्हणाला. हा घराचा अध्यक्ष. बाप न्यायाधीश, लेक मग्रूर.

व्हर्नाचा नवरा मधुमेहाने गेलेला. हा साखर उतरल्याचा घाम तिच्या ओळखीचा. “पोरा, इन्सुलिन घेतोस?”

“सकाळी घेतलं... गोळ्या पेटीत...”

नव्यांनी आपलं सगळं घराला अर्पण करायचं, त्याची ती पेटी. त्यात फोन, घड्याळं आणि या पोराच्या साखरेच्या गोळ्या. किल्ली टकरच्या खिशात.

“अर्पण म्हणजे अर्पण,” टकर म्हणाला.

व्हर्ना वर पळाली, गार गोड चहाचा जग घेऊन आली आणि घोट घोट त्याच्या तोंडाला लावू लागली. “ॲम्ब्युलन्स बोलवा रे!”

चार फोन निघाले, चारही एकाच वकिलाला, याच घरातून शिकून गेलेल्या जुन्या बंधूला! या घराची रीतच तशी. आधी वकील, मग डॉक्टर.

“वकीलकाका म्हणतात, जरा थांबा. घराचं नाव जाईल,” टकर म्हणाला.

“पोरगं जाईल त्याचं काय, मेल्या?”

“फोन लावलात तर सोमवारपासून येऊ नका, मिस व्हर्ना.”

“सोमवारी तुझं जेवण तूच रांध,” म्हणत तिने स्वयंपाकघरातल्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली.

एमेट वाचला. घर चार महिने बंद राहिलं, मग रंग लावून उघडलं. जुन्या बंधूंनी व्हर्नाला चांदीचं ताट पाठवलं. त्यावर ‘निष्ठेबद्दल’ असं कोरलेलं. सोबत कागद: पोराचं पोट बिघडलं होतं एवढ्यावर सही करा आणि कामावर या.

कागद तिने चुलीत घातला. ताट घेऊन माझ्या दुकानात आली.

“हे ठेव. झाडलेले केस भरायला.”

“चांदी आहे गं!”

“एकोणीस वर्षं मी त्यांना कांदे मोजून दिले. माझ्या घरात ती चांदी नको.”

यंदा टकरचा धाकटा भाऊ सात नवी पोरं घेऊन डोकी भादरायला आला. मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, “आधी तुझं डोकं.”

पळाला, हलकट. सातांपैकी दोघे मात्र खुर्चीशेजारी उभेच राहिले. त्यांना मी व्हर्नाच्या घराचा रस्ता दाखवला. ती हल्ली प्राथमिक शाळेत रांधते. शुक्रवारी तिच्या घरी जेवायला कोणीही यावं, नावं पाठ असोत वा नसोत.